सहकुटुंब नेपाळला, मंडळीच्या सेवेसाठी

आपल्या मंडळ्यांमध्ये मुलाबाळांसह परदेशी सेवेला जायचा विषय निघाला की नेपाळचं नाव सगळ्यात आधी येतं, आणि ते रास्तच आहे. १९५० च्या करारामुळे भारतीयांना तिथे व्हिसा लागत नाही. भाषा देवनागरीत लिहिलेली, जेवायला डाळभात, घड्याळ फक्त १५ मिनिटं पुढे. पण याच सोपेपणामुळे अनेक गट पुरेशी तयारी न करता निघतात. नेपाळमध्ये दुसऱ्याचं धर्मांतर घडवणं कायद्यानं गुन्हा आहे. पाहुणे आठवड्याभरात परत येतात, आणि त्यांनी काही उतावीळपणा केला असेल तर पोलीस चौकशीला जातात ते मागे राहिलेल्या पाळकांकडे. म्हणून खालची सगळी कृती एकाच गोष्टीवर बेतली आहे: आपण तिथल्या मंडळीच्या हाताखाली काम करायला जातो, आणि आपली लेकरंही त्या कामातली माणसं असतात.

सहा महिने आधी: ओळख आणि आमंत्रण

सुरुवात आपल्याच शहरातून करा. मुंबई-पुण्यात नेपाळी भाषेतून उपासना करणाऱ्या मंडळ्या आहेत. राखणदारी करणारी, हॉटेलांत राबणारी, घरकामाला जाणारी कुटुंबं तिथे जमतात. दोन-तीन महिने सहकुटुंब त्यांच्या उपासनेला जा. पुढच्या खुर्च्यांवर बसू नका, सगळ्यांबरोबर सतरंजीवर बसा, नंतरचा चहा घ्या, मुलांना मुलांत खेळू द्या. मुलांची खरी तयारी इथेच होते, आणि ज्यांच्यावर भरवसा टाकता येईल अशा तिकडच्या पाळकांची ओळखही इथूनच मिळते. फेसबुकवर भेटलेल्या अनोळखी माणसाच्या बोलावण्यावर कुटुंब घेऊन जाऊ नये. ज्यांच्याकडे जायचं त्यांना ओळखणारी, एकमेकांशी संबंध नसलेली दोन माणसं तरी आधी गाठून बोला.

ओळख पटली की लेखी आमंत्रण मागा. त्यात चार गोष्टी स्पष्ट हव्यात: कोणत्या तारखा, आमच्याकडून कोणतं काम अपेक्षित आहे, कुटुंबाची राहायची सोय कुठे, आणि आमची जबाबदारी घेणारी व्यक्ती कोण. तारखा दोन्ही पंचांगांप्रमाणे लिहून घ्या. नेपाळचा सगळा व्यवहार विक्रम संवतावर चालतो. वर्षाचा आकडा आपल्यापेक्षा सुमारे ५७ नं पुढे आणि महिना आपल्या महिन्याच्या मध्यावर सुरू होणारा. ‘कात्तिकच्या पहिल्या शनिवारी या’ असा निरोप आला तर इंग्रजी तारीख विचारून घेतल्याशिवाय तिकीट काढू नका.

कामाच्या मुद्द्यावर थोडं अडून बसा. ‘तुम्ही या, बाकी प्रभू चालवील’ असं प्रेमळ उत्तर बऱ्याचदा येतं, कारण पाहुण्याला काम सांगणं त्यांना अवघड वाटतं. आपण काय करू शकतो याची यादी पाठवा: संडे स्कूलच्या शिक्षकांना शिकवणं, गिटार आणि गायन, शिवणकाम, सुतारकाम, दात तपासणं, हिशेब लिहायला शिकवणं. त्यांना त्यातलं हवं ते निवडू द्या. त्यांनी काहीच निवडलं नाही, तर आपल्या जाण्याची त्यांना सध्या गरज नाही असं समजावं आणि बेत पुढे ढकलावा.

हे आमंत्रण आपल्या पाळकांपुढे आणि पास्टरेट कमिटीपुढे ठेवा. खर्च मंडळीच्या पैशातून होणार असेल तर अंदाजपत्रकही तेव्हाच द्या.

कायदा घरातल्या प्रत्येकाला समजला पाहिजे

२०१५ च्या नेपाळच्या संविधानानं प्रत्येकाला स्वतःचा धर्म मानण्याचा आणि आचरण्याचा हक्क दिला आहे, पण त्याच कलमात, म्हणजे कलम २६ मध्ये, दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई आहे. ऑगस्ट २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार नेपाळी रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. गुन्हेगार परदेशी असेल तर शिक्षा भोगून झाल्यावर सात दिवसांत त्याला देशाबाहेर काढतात. मंडळीत उपासनेला बसणं, गाणं, प्रार्थना करणं यात काही वावगं नाही. अडचण येते ती वाटपातून आणि आमिष वाटेल अशा मदतीतून.

२०१६ मध्ये दोलखा जिल्ह्यातल्या चरिकोटला काय झालं ते घरात वाचून दाखवा. आदल्या वर्षीच्या मोठ्या भूकंपानं भेदरलेल्या शाळकरी मुलांना मानसिक आधार देण्याच्या कार्यक्रमात येशूच्या जीवनावरची चित्रकथा वाटली गेली. त्यावरून आठ ख्रिस्ती लोकांना अटक झाली, खटला चालला आणि डिसेंबरमध्ये ते निर्दोष सुटले. मधले सगळे महिने त्यांच्या कुटुंबांनी काढले. ती चित्रकथा आपल्या संडे स्कूलमध्ये कुणीही सहज वाटली असती, म्हणून हे उदाहरण मुलांनाही पटकन कळतं.

यातून घरासाठी नियम ठरतात आणि ते निघण्याआधीच पक्के करायचे. पत्रकं किंवा पुस्तकं न्यायची नाहीत. रस्त्यात, बसमध्ये, शाळेत काही वाटायचं नाही, खाऊसुद्धा नाही. दवाखान्यात अनोळखी रुग्णाशेजारी मोठ्यानं प्रार्थना करायची नाही. बाप्तिस्म्याचा, साक्ष देणाऱ्या माणसाचा, मंडळीतल्या मुलांचा फोटो कुठल्याही व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकायचा नाही. किशोरवयीन मुलांना हा शेवटचा नियम सगळ्यात जड जातो, म्हणून तो कारणासकट सांगा.

कुणी विचारलं, ‘तुम्ही कोण, कशासाठी आलात?’ तर खोटं बोलायचं नाही. ‘आम्ही ख्रिस्ती आहोत, इथल्या मंडळीतल्या लोकांना भेटायला आलोय,’ एवढं साधं आणि खरं उत्तर मुलांच्याही तोंडी असावं. सहलीला आलोय असं सांगायला लावून लेकरांना खोटं शिकवणं मला अजिबात मान्य नाही. विश्वासाबद्दल कुणी स्वतःहून खोलात विचारू लागलं, तर त्याची गाठ स्थानिक पाळकांशी घालून द्यायची. त्या माणसाबरोबर पुढची दहा वर्षं तेच राहणार आहेत.

कधी जावं

जून ते सप्टेंबर टाळा. पावसाळ्यात दरडी कोसळून डोंगरातले रस्ते दिवसदिवस बंद राहतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरची हवा सर्वांत चांगली आणि आपली दिवाळीची सुट्टीही तेव्हाच येते, पण दसैंच्या, म्हणजे तिथल्या दसऱ्याच्या, दिवसांत सगळा नेपाळ गावी जातो. गाड्यांना पाय ठेवायला जागा नसते, कार्यालयं बंद असतात. यजमानांना विचारून त्याच्या पुढेमागेच्या तारखा धरा. मे महिना चालतो. काठमांडू सुमारे १४०० मीटर उंचीवर असल्यानं तिथे उकाडा त्रास देत नाही, तराईत मात्र तो मुंबईपेक्षा वाईट असतो.

कागदपत्रं

नेपाळला विमानानं जाताना भारतीय प्रौढाला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. नुसतं आधार कार्ड दाखवून प्रौढ माणसाला विमानात बसता येत नाही, आणि आपल्या लोकांची विमानतळावर अडवणूक होते ती बहुधा इथेच. १५ वर्षांखालच्या मुलांना आणि ६५ च्या पुढच्या आजी-आजोबांना आधारसारखं फोटो असलेलं ओळखपत्र पुरतं. १५ ते १८ वयाच्या मुलांना मुख्याध्यापकांचं ठरावीक नमुन्यातलं ओळखपत्र लागतं.

हे सगळं खरं असलं तरी माझा सल्ला सरळ आहे: घरातल्या सगळ्यांचे पासपोर्ट काढा. मुलांच्या अर्जासोबत आई-वडील दोघांच्या सहीचं घोषणापत्र द्यावं लागतं. मुलाचा पासपोर्ट पाच वर्षं किंवा वयाची १८ वर्षं पूर्ण होईपर्यंत चालतो, यातलं जे आधी येईल तोवर. सगळ्यांच्या कागदांवर आडनावाचं स्पेलिंग एकच आहे ना, हे आधी ताडून पाहा. आपल्याकडे बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरं आणि आधारवर तिसरं असं अनेक घरांत असतं, आणि ते दुरुस्त करायला महिने लागतात. आई-वडिलांपैकी एकच जण मुलांना नेणार असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्र नोटरी करून बरोबर ठेवा. मंडळीतलं दुसऱ्याचं मूल सोबत न्यायचं असेल तर हे पत्र हवंच.

मुलांची तयारी

प्रत्येक मुलाला नावानिशी काम द्या. एकानं रोजचा खर्च वहीत लिहायचा. एकीनं औषधांची पिशवी सांभाळायची. धाकट्यानं रोज संध्याकाळी यजमानांच्या घरातल्या सगळ्यांची नावं घेऊन प्रार्थना करायची, म्हणजे ती नावं पाठ करणं आलंच. ज्या मुलाला काम नाही ते दुसऱ्या दिवसापासून ‘घरी कधी जायचं’ विचारू लागतं, आणि त्यात त्याची चूक नसते.

नेपाळी कोरस दोन-तीन तरी शिका. लिपी आपलीच असल्यानं वही हातात आली की मुलं वाचू लागतात. आमची धाकटी तिथल्या भजनाच्या पुस्तकात बोट ठेवून अक्षर न अक्षर लावत होती. शेजारी बसलेल्या आजी ते बघून तिच्याकडे सरकल्या आणि पुढच्या प्रत्येक ओळीला तिचं बोट धरून योग्य जागी नेत राहिल्या. दोघींना एकमेकींचं बोलणं कळत नव्हतं. एक मराठी गीतही बसवून न्या. ना. वा. टिळकांची गीतं आपल्याकडे आहेत, ती घरानं एकत्र म्हटलेली तिथल्या लोकांना फार आवडतात.

कुष्ठरुग्णांच्या सेवेला जाणार असाल तर त्याची तयारी वेगळी करावी लागते. काठमांडूच्या दक्षिणेला ललितपूर जिल्ह्यात लेप्रसी मिशनचं आनंदबन रुग्णालय आहे. त्याच मिशनचं रुग्णालय आपल्या अमरावती जिल्ह्यात कोठाऱ्यालाही आहे. जमलं तर आधी तिथे परवानगी घेऊन मुलांना नेऊन आणा. त्यांना नीट सांगा की बहुतेक माणसांच्या शरीरात या आजाराचा प्रतिकार करायची ताकद मुळातच असते, औषधं सुरू झाली की रुग्णाकडून लागण होत नाही, आणि झडलेली बोटं म्हणजे संवेदना गेल्यामुळे झालेल्या जुन्या जखमांची खूण असते. हे कळलेलं मूल हात पुढे करायला कचरत नाही. न कळलेलं मूल आईच्या ओढणीमागे लपतं, आणि ते समोरच्या माणसाला दिसतं.

पैसा, औषधं, सामान

नेपाळसाठी बँक डॉलर देत नाही, भारतीय रुपयेच न्यायचे असतात. एका भारतीय रुपयाला १.६० नेपाळी रुपये हा दर कित्येक वर्षं बांधलेला आहे, त्यामुळे हिशेब सोपा. शंभरच्या आणि त्याखालच्या नोटा बिनधास्त चालतात. त्यावरच्या नोटांचे नियम बदलत आले आहेत, म्हणून निघायच्या आठवड्यात बँकेत आणि यजमानांकडे विचारा. २०२४ पासून शहरांतल्या बऱ्याच दुकानांत भारतीय यूपीआय चालतं, पण खेड्यात रोखच लागते.

औषधांत ओआरएस, तापाचं औषध, उलटीवरच्या गोळ्या आणि मुलांना नेहमी लागणारं जे काही असेल ते डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट ठेवा. टायफॉइडची लस राहिली असेल तर दोन-तीन आठवडे आधी द्या. पाणी उकळलेलंच प्या. परदेश प्रवासाचा विमा काढा आणि त्यात नेपाळ आणि मुलं दोन्ही धरली आहेत हे वाचून खात्री करा.

जुने कपडे गोळा करून गठ्ठे नेऊ नका. सीमेवर त्यांचा जाब द्यावा लागतो, आणि प्रार्थनेनंतर कपडे वाटले की ते बाहेरच्याला आमिषच दिसतं. यजमानांच्या घरासाठी चितळ्यांची बाकरवडी, चिक्की, एखादं टॉवेलचं पाकीट पुष्कळ झालं. मंडळीला द्यायचं अर्पण उघडपणे, खजिनदाराच्या हाती द्या. गुपचूप कुणा एकाच्या मुठीत पैसे ठेवले की मंडळीत तेढ पडते, आणि ती निस्तरायला आपण तिथे नसतो.

वाट

विमानानं मुंबईहून किंवा दिल्लीमार्गे काठमांडू गाठता येतं. स्वस्तात जायचं तर रेल्वेनं गोरखपूर, तिथून सुनौलीची सीमा आणि पुढे भैरहवा. भैरहवाहून पोखऱ्याला जाणारा सिद्धार्थ महामार्ग डोंगरातून वळणं घेत पाल्पा-तानसेनवरून जातो. लहान मुलं असतील तर तानसेनला मुक्काम करा. मोठ्या मुलांना तिथला इतिहास सांगण्यासारखा आहे: नेपाळवर सत्ता गाजवणाऱ्या राणा घराण्याची राजवट १९५१ मध्ये संपली, त्याच्या थोडं आधी मसुरीच्या वुडस्टॉक शाळेतले शिक्षक रॉबर्ट फ्लेमिंग पक्ष्यांचा अभ्यास करायला इथे आले होते. त्यांच्या पत्नी बेथेल डॉक्टर होत्या. पुढे १९५४ मध्ये युनायटेड मिशन टू नेपाळ उभं राहिलं, तानसेनला रुग्णालय झालं आणि फ्लेमिंग पतिपत्नी काठमांडूत राहून सेवा करू लागले. ही सगळी वाट सरकारला विचारून, दवाखाने आणि शाळांमधून उघडली, हे मुलांना मुद्दाम सांगा.

डोंगरातला प्रवास दिवसाच करा. निघण्याआधी मुलांना हलकं खायला द्या, पुढच्या बाकांवर बसवा, हाताशी पिशव्या ठेवा. परतीच्या तिकिटात दोन मोकळे दिवस धरा. सप्टेंबर २०२५ मध्ये आंदोलनामुळे काठमांडूचा विमानतळही बंद ठेवावा लागला होता. पोलिसांचा १०० आणि रुग्णवाहिकेचा १०२ हे क्रमांक सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या.

शनिवार

नेपाळमधल्या बहुतेक मंडळ्यांची मुख्य उपासना शनिवारी असते, कारण तो साप्ताहिक सुट्टीचा दिवस. निदान एक दिवस आधी पोहोचा, म्हणजे मुलांची झोप झालेली असेल. चपला बाहेर काढायच्या. बऱ्याच ठिकाणी बायका आणि पुरुष वेगळ्या बाजूंना बसतात, बायका डोक्यावर ओढणी घेतात. आपणही घ्यावी. भेटल्यावर हात जोडून ‘जयमसीह’ म्हणायचं, लहान मुलांनाही. मादल (तिथली ढोलकी) आणि गिटारवर गाणी सुरू झाली की तास सहज जातो. मुलांना टाळ्या वाजवत उभं राहू द्या.

पाहुण्यांना बोलायला बोलावतातच. तुम्ही तिथे उपदेश करणं योग्य ठरेल का, हे पाळकांना आदल्या दिवशीच एकांतात विचारा. ते नको म्हणाले तर तिथेच विषय संपला. बोलायचं असेल तर हिंदीत, सावकाश आणि थोडक्यात बोला. ‘तुमच्या देशात अंधार आहे’ अशा थाटाची भाषा कधीही नको. आपल्या मंडळीचा सलाम द्या, घरातल्या एखाद्या दुखण्यात देवानं कसं सांभाळलं ते सांगा आणि बसा. आईनं किंवा मुलीनं सांगितलेली साक्ष वडिलांच्या तासाभराच्या उपदेशापेक्षा जास्त ऐकली जाते, असा माझा अनुभव आहे.

बसल्या जागेवरून दार कुठे आहे ते मुलांना दाखवून ठेवा आणि बाहेर एकत्र जमायची जागा ठरवा. २५ एप्रिल २०१५ चा मोठा भूकंप शनिवारीच, दुपारी बाराच्या सुमारास झाला. मंडळ्या उपासनेत होत्या आणि अनेक जण तिथेच गेले. अशा मंडळीत बसलात आणि प्रार्थनेत कुणाचा आवाज भरून आला, तर गप्प राहून बरोबर बसा. धीर देण्याची घाई करू नका.

इतर दिवस

जेवण दोन वेळा, साधारण सकाळी दहाला आणि संध्याकाळी. डाळ, भात, तरकारी, आणि भात पुन्हा पुन्हा वाढला जातो. लहान मुलांसाठी मधल्या वेळेला बिस्किटं, चुरमुरे जवळ असू द्या, पण यजमानांच्या समोर बसून आपले डबे उघडू नका. घरची बाई सगळ्यांच्या मागून जेवते. जेवण झालं की विचारून भांडी घासायला बसा, पुरुषांनीही. पाहुणा नळावर बसलेला बघून पहिल्या दिवशी ती संकोचते, तिसऱ्या दिवशी राखेचं भांडं स्वतः पुढे सरकवते. त्यानंतरच्या गप्पांमध्ये जे कळतं ते सभेत कळत नाही: कुणाचा मुलगा कतारला गेलाय, कुणाच्या घरच्यांनी विश्वासापायी तोडलंय, पाळकांच्या पगाराचं काय.

दिवसाला एकच काम ठरवा आणि ते मुलांच्या वेगानं होऊ द्या. कुणी तापलं, रुसलं, थकलं तर त्या दिवशी आई किंवा वडील दोघांतलं एक जण घरी थांबेल, हे आधीच ठरलेलं असावं. सेवेच्या नावाखाली आजारी लेकराला गावोगाव फिरवू नये. संध्याकाळी अर्धा तास फक्त घरच्यांचा ठेवा, दिवसभरात काय खटकलं, काय आवडलं ते मुलांकडून ऐका.

कुठलंही आश्वासन देऊ नका. ‘तुमच्या मुलाला पुण्यात शिकवू’, ‘छताचं बघतो’ असे शब्द भरल्या मनानं निघून जातात, आणि ते कुटुंब वर्षभर फोनची वाट बघतं. मुलांनाही हे सांगा. त्यांनी फार तर पत्र लिहीन म्हणावं, आणि लिहावं.

परतल्यावर

निघताना लोक इकडे राहणाऱ्या आपल्या नातलगांसाठी गुंद्रुकची (आंबवून वाळवलेल्या पालेभाजीची) पुडी, एखादं पाकीट देतात. ते आठवड्याच्या आत पोहोचवा. यजमानांना आभाराचं पत्र लिहा, त्यात मुलांच्या हातच्या चार ओळी असू द्या. कमिटीला पैशापैशाचा हिशेब द्या. मंडळीपुढे वृत्तान्त सांगताना गावाचं किंवा पाळकांचं नाव घ्यायचं की नाही हे त्यांना विचारून ठरवा, आणि किती जणांनी ‘स्वीकारलं’ असले आकडे सांगू नका. ते आकडे मोजणं आपलं काम नव्हतं.

महिन्याभरानं, सगळं शांत झाल्यावर, पुढच्या वर्षाचा विषय काढा. ‘आम्ही आल्यानं कामाला हात लागला, की तुमचा आठवडा पाहुणचारातच गेला?’ हा प्रश्न ओळखीच्या मधल्या माणसामार्फत विचारा, कारण तोंडावर नेपाळी माणूस पाहुण्याला नाही म्हणणार नाही. त्यांच्या संडे स्कूलच्या शिक्षिकांना इकडे प्रशिक्षणाला यायचं आहे असं उत्तर आलं, तर आपली तिकिटं राहू द्या. गोरखपूरहून त्यांची परतीची आरक्षणं काढा आणि त्या आल्या की आपल्या घरात उतरवून घ्या.